पावसाआधीची उधारी

पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंगच्या दुकानांत रेनकोट, सॅक आणि तंबू कधी लागतात, याचं उत्तर गेल्या पंचवीसेक वर्षांत बरंच बदललं. पूर्वी गुढीपाडव्याच्या सुमाराला दुकान भरलेलं असे. आता मे उजाडला तरी निम्मे हूक रिकामे दिसतात. कुणी म्हणतं गिऱ्हाईक ऑनलाइन गेलं, कुणी म्हणतं पावसाचा भरवसा राहिला नाही. दोन्ही खरंच आहे. पण मला यामागे आधी दिसते ती उधारीची मुदत. ती नव्वद दिवसांवरून पंचेचाळीसवर आली आणि मोसमही तिच्यामागे सरकला.

दोन हजार सालच्या आसपासचं गणित सरळ होतं. सॅक आणि पोंचो शिवणारे छोटे कारखाने हिवाळाभर मशीन चालवत. कापडाचे पैसे गेलेले, कारागिरांचा पगार चुकलेला आणि तयार माल गोदामात छताला टेकलेला. मार्चमध्ये घाऊक व्यापारी दुकानदाराला म्हणे, माल घेऊन जा, पैसे पाऊस लागल्यावर. हा उदारपणा नव्हता. गोदाम रिकामं करायचं आणि माल सांभाळायची जबाबदारी दुकानदाराच्या माळ्यावर टाकायची, त्याचं मोल म्हणजे ती मुदत. दुकानदार जूनच्या तारखांचे तीन चेक लिहून देई. 1989 पासून चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा झाला होता, त्यामुळे त्या कागदाला वजन होतं. मार्चमध्ये सगळी मापं आणि सगळे रंग दुकानात हजर असत, कारण खिशातून अजून काहीच गेलेलं नसे.

रोखीने घेणाऱ्याला ‘सीडी’, म्हणजे कॅश डिस्काउंट मिळे. समजा सात दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर साठ दिवसांत पूर्ण रक्कम. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते त्रेपन्न दिवसांसाठी सोडायचे म्हणजे वर्षाला सुमारे चौदा टक्क्यांचं व्याज पडतं. उधारी कधीच फुकट नव्हती. ते व्याज बिलात दिसत नसे एवढंच.

तंबूची गोष्ट वेगळी. घुमटाकार, हलके तंबू बहुतेक चीनहून येत. आयातदाराला ऑर्डर देताना साधारण तीस टक्के आगाऊ आणि उरलेले जहाजाची कागदपत्रं हाती येण्याआधी द्यावे लागत. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षासाठी तिथले कारखाने बंद. निंगबोहून न्हावाशेवाला माल उतरेपर्यंत त्याचे सगळे पैसे अडकलेले. तो दुकानदाराला नव्वद दिवस कुठून देणार? रोख किंवा फार तर पंधरा दिवस. त्यामुळे एकाच दुकानात सॅक मार्चपासून टांगलेली असे आणि तंबू मात्र ‘सांगा, मागवून देतो’ या यादीत. सह्याद्रीत फिरणारी मराठी पोरं गुहेत किंवा देवळात मुक्काम करतात, तंबू घेत नाहीत, हे आपण कौतुकाने सांगत आलो. त्यातला बराच वाटा तंबू दुकानात नसण्याचाही होता.

2009 मध्ये बंगळुरूहून खेळसाहित्याच्या डेकॅथलॉन साखळीने सुरुवात केली. स्वतःचा माल स्वतःच्या दुकानात. मध्ये उधारी देणारा-घेणारा कुणी नाही. तंबू बाराही महिने समोर उभा दिसू लागला.

नोटाबंदीचा धक्का मोठा होता, पण या धंद्याची घडी बदलली ती 1 जुलै 2017 ला आलेल्या जीएसटीने. सॅकवर कर आता 18 टक्के. दहा मार्चला एक लाखाचं बिल फाडलं की अठरा हजारांतून कापडावरचा कर वजा जाता उरलेली रक्कम वीस एप्रिलपर्यंत सरकारजमा करायची, दुकानदार पैसे जूनमध्ये देवो की जुलैमध्ये. व्हॅटही विक्रीवरच होता, पण तेव्हा बराच माल कच्च्या बिलावर फिरे आणि कच्च्या बिलाला कसली घाई! आता नव्वद दिवसांची उधारी म्हणजे मालाबरोबर करासाठीही भांडवल घालणं. शिवाय 180 दिवसांत पुरवठादाराचे पैसे न दिल्यास दुकानदाराने घेतलेलं करक्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य तिथेच संपलं.

मग 2020. पावसाळी माल भरून झालेला आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाउन, शटर बंद. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली, पण पुरवठादाराला दिलेल्या चेकला कसली सवलत? ज्याचे संबंध चांगले त्याचे चेक थांबले, बाकीच्यांची फोनाफोनी. 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. लागोपाठ दोन मोसम असे गेल्यावर मार्चमध्ये चेक लिहिताना कुणाचाही हात अडखळेल.

1 एप्रिल 2024 पासून आयकराच्या नव्या कलमाचा परिणाम दिसू लागला. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत, लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच द्यायचे; उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरत नाहीत. हेतू शिवणाऱ्याच्या भल्याचा. पण हे संरक्षण उत्पादकाला आहे, व्यापाऱ्याला नाही. म्हणजे थेट कारखान्यातून उचललात तर 45 दिवस, मधल्या घाऊकवाल्याकडून घेतलात तर मोकळीक. लहान कारखानदाराने दुकानाशी थेट नातं जोडावं अशी ज्याची इच्छा आहे, त्याने हा कायदा वाचून डोक्याला हात लावावा. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला हे कलम लागतही नाही. पण त्याला माल देणाऱ्या मोठ्या वितरकाला लागतं आणि मुदत वरून खाली आखडत येते.

मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख 11 जून. पंचेचाळीस दिवस मागे मोजले तर एप्रिलचा शेवटचा आठवडा. त्याआधी माल घेतला तर पहिल्या सरीआधीच पैसे द्यायचे. 2023 मध्ये पाऊस मुंबईत आला 25 जूनला. ज्याने हिशेब चोख केला त्याचीही मुदत उलटून गेली. 2025 मध्ये तो 26 मेलाच आला आणि ‘मे अखेरीला भरू’ म्हणणाऱ्यांच्या दारात गिऱ्हाईक आधी, माल नंतर. मार्चअखेरीला माल घेतला असता तर जुनी नव्वद दिवसांची मुदत या दोन्ही वर्षांना पुरली असती. म्हणून आता अनेकजण एप्रिलमध्ये नमुन्यापुरता माल टांगतात आणि उरलेला भिवंडीच्या गोदामातून लागेल तसा मागवतात.

तंबूचं खरं गिऱ्हाईक आता पवना धरणाच्या काठी आहे. तिथल्या कॅम्पवाल्याला पावसाळ्यात तंबू नकोच असतो. तो ऑक्टोबरमध्ये घेतो, एकगठ्ठा आणि उधार. पुरवठादार शहाणा असेल तर शेवटचा चेक जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचा मागतो, थर्टी फर्स्टच्या बुकिंगचे पैसे हातात असतानाच.