मुलांना फुटबॉल शिकवायचं काम: मुलाखतीला जाताना



आपल्यातल्या काही जणी, किंवा आपल्या लेकी-सुना, शाळेत असताना फुटबॉल खेळलेल्या आहेत. लग्न झालं, खेळ सुटला. आता एखाद्या शाळेला किंवा संस्थेला लहान मुलांसाठी फुटबॉल प्रशिक्षक हवा असतो. जाहिरात वाचली की मनात पहिलं येतं, "मला कुठं एवढं खेळता येतंय?" आणि अर्ज राहून जातो.

पण लहान मुलांच्या प्रशिक्षकाला गोल मारायचे नसतात, वीस पोरं तासभर सांभाळायची असतात. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉलचं काम सुरू केलं. ‘झुंड’ हा सिनेमा त्यांच्याच कामावरून आला. मुलं मैदानावर टिकली पाहिजेत, हे त्या कामाचं मूळ. मुलाखत घेणारेही तुमच्यात तेच शोधतात.

करून काय दाखवाल?

बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं मुलांना शिकवून दाखवायला सांगतात. आधी पळापळीचा खेळ घेऊन अंग मोकळं करा, मग चेंडू पायात ठेवून चालवायचा सराव, शेवटी चार-चार जणांचा छोटा सामना. मुलांना लांब रांगेत उभं करू नका. रांगेतलं दहावं पोर कंटाळतं आणि ढकलाढकली सुरू होते. सूचना एका वाक्यात द्या, करून दाखवा, लगेच खेळायला लावा.

चेंडूचा नंबर विचारू शकतात. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना 3 नंबरचा, 8 ते 12 वयाला 4 नंबरचा आणि त्यापुढं 5 नंबरचा चेंडू देतात.

काय विचारतील?

*मुलाच्या डोक्याला लागलं तर?* लगेच खेळातून बाहेर काढायचं. "मी बरा आहे" म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळवायचं नाही. पालकांना कळवायचं. उलटी, चक्कर, गुंगी दिसली तर थेट दवाखाना.

*एखादं मूल खेळायलाच तयार नसेल तर?* ओरडायचं नाही. चेंडू गोळा करायचं, शिट्टी वाजवायचं काम द्यायचं. हळूहळू ते आपसूक खेळात येतं.

*कुणी मुलाशी वाईट वागतंय असं कळलं तर?* 2012 च्या पॉक्सो कायद्यानं 18 वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिलंय. असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, झाकून ठेवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठी 1098 ही मदतीची फोनसेवा आहे.

*तुमचा अनुभव काय?* इथं गप्प बसू नका. गटाची बैठक चालवली, भांडण मिटवलं, वसुलीचा हिशोब ठेवला, हा माणसं सांभाळायचाच अनुभव आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना आहे का, असंही विचारतील. नसेल तर नाही म्हणून सांगा आणि शिकायची तयारी आहे तेही सांगा. खोटं सांगितलेलं मैदानावर उघडं पडतं.

तुम्हीही विचारा

मानधन महिन्याला की तासाला? पावसात मैदान बंद राहिलं तर पैसे मिळतील का? येण्या-जाण्याचा खर्च कोण देणार? संध्याकाळी किती वाजता सुटका? मैदानाजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? सोबत दुसरं कुणी मोठं माणूस असेल का? हे विचारलं म्हणून काम जात नाही, उलट बाई विचार करून आलीय हे कळतं. ठरलेलं सगळं नेमणूक पत्रात लिहून घ्या. आणि काम देण्याआधी कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

जाताना ट्रॅकपँट, टी-शर्ट आणि पायात बूट घाला. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि खेळाची जुनी प्रमाणपत्रं असतील तर ती सोबत ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी काढा. एकीनं साहेब व्हायचं, एकीनं उमेदवार, बाकीच्यांनी मुलं. हसू येईल, येऊ द्या. खऱ्या मुलाखतीत तोंड उघडायला तेवढा सराव पुरतो.