माहिती आपली, संमतीही आपली

पांढुर्णा-सौसर भागातील संत्रा बागाईतदार आज बाजारभाव, हवामान व कीडनियंत्रणाची माहिती मोबाइलवर पाहतो. त्याने कोणती पाने उघडली, याची नोंद संकेतस्थळ ठेवते. त्या नोंदींवरून कृत्रिम बुद्धिमत्ता त्याची गरज ताडते आणि पुढील खेपेस संत्र्याचीच माहिती प्रथम दाखविते. ही सोय निश्चितच उपयुक्त होय. परंतु अशाच नोंदींवरून त्याच्या कर्जाचा वा आजारपणाचाही अंदाज बांधता येतो.

वस्तुतः पीकसल्ल्यासाठी भाषा, पीक व तहसील एवढे कळविणे पुरेसे आहे. नाव वा आधार क्रमांक त्यासाठी लागत नाही. ही निवड मोबाइलमध्येच साठविल्यास खाजगीपणाही राखला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार संमती मागताना माहितीचा हेतू सांगणारी सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांतून, म्हणजेच मराठीतूनही, मिळावयास हवी. संमती परत घेणेही ती देण्याइतकेच सुलभ हवे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत.

सूचना मराठीतून वाचावी, हेतू समजून घ्यावा, मगच संमती द्यावी, हे शिक्षकांनी व पंचायत सचिवांनी गावोगावी समजावून सांगणे अगत्याचे आहे.