परकीयांच्या चुका : धाराशिवच्या उंबऱ्याशीं

परक्या मुलुखांत राहावयास गेलेला मनुष्य पहिली चूक करतो ती बहुधा दारांतच. कोरियांत नव्यानें गेलेल्या पाश्चात्त्यास प्रथम जोडे बाहेर काढण्याची आठवण द्यावी लागते. मग वडील माणसास कांहीं देतांना दोन्ही हात पुढें करावयाचे, पंक्तींतल्या ज्येष्ठाच्या आधीं घास घ्यावयाचा नाहीं, भाताच्या वाटींत काड्या उभ्या खोंचावयाच्या नाहींत, कारण तसा भात मृताच्या नांवानें ठेवितात, असे एकेक नियम तो ठेंच खाऊन शिकतो. कोणी वय विचारलें म्हणजे त्यास राग येतो. पण समोरच्याचें वय कळल्यावांचून त्याच्याशीं कोणत्या आदरानें बोलावें हें कोरियन मनुष्यास ठरवितांच येत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांतल्या खेड्यांत परक्यास वय कोणी विचारीत नाहीं. "गांव कोणतें? पाहुणे कोणाचे?" हा तेथला पहिला प्रश्न. त्यांत आगाऊपणा पाहणें ही कोरियांतल्या त्या पाहुण्याचीच चूक होय. आलेला मनुष्य कोठला, कोणाच्या नात्यागोत्यांतला हें समजलें म्हणजे त्याला काय म्हणावयाचें, कोठें बसवावयाचें, हें आपोआप ठरतें. या जिल्ह्यांत तुळजापूरची भवानी ही 'आई' आहे आणि तेरचे संत गोरा कुंभार हे 'गोरोबाकाका' आहेत. देवतेस आणि संतासहि जेथें नात्यानें हांक मारतात, तेथें साठी उलटलेल्या गृहस्थास नुसत्या नांवानें पुकारणारा परका केवढा उद्धट वाटत असेल! त्यास आण्णा, तात्या, आबा म्हणावयाचें. पाणी आणून देणाऱ्या प्रौढ स्त्रीस मावशी म्हणावयाचें. कोरियन लोकहि अनोळखी वृद्धेस 'हाल्मोनी', म्हणजे आजी, असेंच म्हणतात. आणि पाण्याच्या तांब्याबद्दल आभार मानण्याची उतावीळ करूं नये. "आभार कसले? आम्ही काय परके?" असें उत्तर येतें, तें नुसतें विनयाचें नसतें, त्यांत थोडी दुखावल्याची भावनाहि असते.

याद्या करणाऱ्या मंडळींची एक चूक ठरलेली. वहीपेन घेऊन ते दाराशीं उभे राहतात आणि घरांतल्या बाईस नवऱ्याचें नांव विचारतात. जुन्या वळणाची बाई तें उच्चारीत नाहीं. पदर सांवरून खालीं पाहते, आणि शेजारचें पोर तिच्या वतीनें उत्तर देतें. यादी करणारा समजतो कीं, बाईला विचारलेलें कळलें नाहीं. वास्तविक तेंच नांव ती हळदीकुंकवास उखाण्यांत गुंफून भर सभेंत घेते.

मराठी शिकून आलेला परका तर अधिकच घोटाळ्यांत सांपडतो. निघतांना तो "जातो" म्हणतो आणि घरांतल्या म्हाताऱ्या चमकतात. "येतो" म्हणून निघावयाचें असतें. बांगडी "वाढली" असें ऐकून तो मनगटाकडे कौतुकानें पाहतो, आणि ती फुटलेली असते. दुकान "वाढवलें" म्हणजे तें मोठें झालें असें त्यास वाटतें, आणि दाराला तर कुलूप! फुटणें आणि बंद होणें हीं अशुभ शब्दांनीं बोलावयाचीं नाहींत, म्हणून भाषेनें त्यांस वाढीचें नांव दिलें आहे. "बघूं" या शब्दाचेंहि तसेंच. परका त्यास होकार समजून चार दिवस वाट पाहतो. तो पुष्कळदां सभ्य नकार असतो.

या साऱ्या चुका गांव फार दिवस मनांत ठेवीत नाहीं. संध्याकाळीं पारावर त्यांची नक्कल होते, चार माणसें पोट धरून हंसतात आणि प्रकरण मिटतें. ज्या चुका मिटत नाहींत त्या वेगळ्या.

या जिल्ह्यांत येऊन राहिलेल्या परकीयांत फिलिप मेडोज टेलर याचें नांव प्रथम घ्यावें लागेल. १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, तो व्यापारी पेढीवर नोकरीसाठीं मुंबईस उतरला आणि तेथून निजामाच्या चाकरींत शिरला. हैदराबादच्या विल्यम पामर या सावकाराची मुलगी त्यानें केली. या पामरची आई मुसलमान बेगम होती. सुरपूरच्या संस्थानांत बाल राजा त्यास 'आप्पा' म्हणत असे, म्हणजे नात्याची हांक त्यास मिळाली होती. १८५३ च्या तहानें नळदुर्गचा जिल्हा कंपनीकडे आला तेव्हां त्याचा कारभार टेलरकडे सोंपविण्यांत आला, आणि १८५७ पर्यंत तो तेथें राहिला. बोरी नदीचें पाणी अडविणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल असलेला तो किल्ला आजहि प्रवाशांस थक्क करतो. पुढें १८६३ सालीं त्यानें 'तारा' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे.

इतका रुळलेला मनुष्यहि चुकला. कादंबरींत तारा भवानीची मुरळी होते. मराठींत मुरळी म्हटली कीं ती खंडोबाची. भवानीच्या दारीं आराधी, गोंधळी आणि कवड्यांच्या माळा घातलेले भुत्ये. नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाचा शेजार टेलरला होता, म्हणून 'भवानीची मुरळी' वाचतांना मराठी वाचक अधिकच अडखळतो. याहून मोठी चूक त्याच्या तरुणपणची. निजामाच्या राज्यांत तो अंमलदार असतांना ठगांच्या टोळ्या त्याच्याच अमलांतल्या वाटांवरून जात-येत होत्या आणि त्यास त्यांचा पत्ता नव्हता. ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं, लिहून ठेविली. हा त्याचा मोठेपणा.

टेलरच्या चुका पुस्तकांत राहिल्या. १९९३ नंतर परक्यांनीं ज्या चुका केल्या, त्यांत आज माणसें राहत आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति विसर्जनानंतर गांवें झोपलीं असतां, चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांत किल्लारी, आणि धाराशिव (त्या वेळचें उस्मानाबाद) जिल्ह्यांत सास्तूर, होळी, राजेगांव, पेठसांगवी अशीं गांवें क्षणांत कोसळलीं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. पुढें जागतिक बँकेच्या कर्जानें, देशोदेशींच्या आणि शहरोशहरच्या संस्थांच्या साह्यानें पुनर्वसन झालें, आणि बावन्न गांवें मूळ जागा सोडून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. आलेल्यांचा हेतु शुद्ध होता, आणि कामहि प्रचंड झालें. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

पण जुनें घर काय होतें हें थोड्यांनींच विचारलें. दोन-तीन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खणांवर मातीचें माळवद. दिंडीदरवाज्यांतून आंत शिरलें कीं प्रथम ढेळज. आलागेला तेथेंच बसे. मग चौक, ओसरी, आणि अगदीं आंत चूल व देव. बाहेरच्या माणसास बाहेरच ठेवण्याची, आणि तरीहि त्याचा मान राखण्याची, ही रचना होती. बायकांस चौकाचें आकाश होतें, गुरांस गोठा होता, ज्वारीस बळद होतें. एका आळींत एका भावकीचीं घरें असत आणि एकीच्या चुलीवरचें कालवण दुसरीच्या ताटांत सहज जाई.

नव्या गांवाचा नकाशा पट्टीनें आंखलेला. सरळ रुंद रस्ते, त्यांवर ओळीनें सारखीं घरें, तींहि जमिनीच्या मालकीप्रमाणें अडीचशें, साडेचारशें आणि साडेसातशें चौरस फुटांचीं. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं भावकी फुटली: कमी जमिनीचा भाऊ एका टोंकास, अधिक जमिनीचा दुसऱ्या टोंकास. दार थेट रस्त्यावर उघडतें. ढेळज नाहीं, चौक नाहीं. पाहुणा दारांत उभा राहिला कीं त्याची दृष्टि आंतपर्यंत पोंचते, मग सून बसणार कोठें? संडास घराला लागून दिला, आणि चुलीदेवाजवळ तो नको म्हणून कित्येकांनीं त्यांत सरपण आणि अवजारें भरलीं. शहरचा पाहुणा हें पाहून खेडुतांच्या अडाणीपणावर बोलतो, आणि दारांतली चूक पुन्हां एकदां होते.

दोष एकट्या परक्यांचा नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. दगडाखालीं आप्त गेलेल्या माणसांनीं दगडाचा धसका घेतला होता. सिमेंटचें घर आणि नवी जागा हीं पुष्कळ गांवांनीं स्वतः मागितलीं. खरा दोष दगडाचा नव्हता. भिंतीचे आंतले आणि बाहेरचे थर एकमेकांस सांधणारे आडवे दगड घातलेले नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षें मातीचे थर चढत गेले होते. लाकडी खांबतुळयांचे सांगाडे कित्येक ठिकाणीं भिंती पडूनहि उभे राहिले. हें समजावून सांगण्यास वेळ हवा होता, आणि तो वेळ कोणाजवळच नव्हता. जेथें घरें जागच्या जागीं दुरुस्त करावयाचीं होतीं, तेथें मात्र एक शहाणपणाची गोष्ट झाली. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें गांवोगांवच्या महिला मंडळांतल्या बायकांस संवादासाठीं नेमलें. इंजिनियराची भाषा घरांत आणि घरची अडचण इंजिनियरापर्यंत त्याच नेऊं लागल्या.

नव्या गांवांत लोकांनीं पुढें आपल्या हातानें डागडुजी आरंभिली. घराभोंवतीं भिंती घालून अंगण आंत घेतलें, कडेला गोठा काढला, चुलीला पत्र्याची छपरी केली. त्यासाठीं जुन्या गांवच्या ढिगाऱ्यांतून दगड आणि लांकूड आणलें. कित्येकांनीं जुन्या वाड्याची सागवानी चौकटहि वांचवून आणली आणि नव्या भिंतींत उंबऱ्यासकट बसविली. आंतलें घर सिमेंटचें आहे. पाहुण्याचे जोडे मात्र त्या जुन्या उंबऱ्याबाहेर निघतात.