‘ड्यू’ म्हणजे थकलं नव्हे

आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलूया. शब्द अगदी लहान, तीनच अक्षरांचा: डी, यू, ई. म्हणायचं ‘ड्यू’. बँकेच्या मेसेजमध्ये, विजेच्या बिलावर, दवाखान्याच्या कागदावर तो सापडतो. आपल्या तोंडीही तो कधीच बसला आहे. पण आपण तो एका अर्थानं वापरतो आणि बँक दुसऱ्या अर्थानं. घोळ होतो तो तिथं.

गटाच्या बैठकीत आपण सहज म्हणतो, “अगं, तिचा हप्ता ड्यू झाला.” आपल्या मनात असतं, तिनं भरला नाही, राहिला. इंग्रजीत ड्यू म्हणजे राहिलेला नव्हे. ड्यू म्हणजे देय, अमुक दिवशी द्यायचा असलेला. “द इन्स्टॉलमेंट इज ड्यू ऑन टेन ऑगस्ट” याचा अर्थ हप्ता १० ऑगस्टला भरायचा आहे. यात ना दोष आहे, ना रागावणं. बँक फक्त आठवण करून देते.

तारीख उलटूनही भरला नाही तर शब्द बदलतो. ड्यूच्या आधी ‘ओव्हर’ लागतं आणि होतं ‘ओव्हरड्यू’, म्हणजे थकीत. इंग्रजी वाचता येत नसलं तरी डोळ्यांनी हा फरक ओळखता येतो. तीन अक्षरी शब्द दिसला तर आठवण, सात अक्षरी लांब शब्द दिसला तर थकबाकी. मेसेज मुलाकडून वाचून घेतला तरी शब्द आखूड आहे की लांब, हे आपण स्वतः बघायचं.

याचं महत्त्व किती ते सांगते. एका गटातल्या ताईंना मेसेज आला. मुलानं वाचला, “आई, हप्ता ड्यू झालाय.” ताईंना वाटलं, चुकला. गटाचं नाव खराब होईल म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी महिना शेकडा ५ रुपयांनी ३,००० रुपये उचलले आणि हप्ता भरला. खरं तर तारखेला अजून सहा दिवस होते आणि डेअरीचं दुधाचं बिल त्याच्या आत येणार होतं. एका शब्दापायी १५० रुपये व्याज गेलं. बरं, नियत चांगली होती म्हणूनच गेलं, याचं जास्त वाईट वाटतं.

उलटंही होतं. ओव्हरड्यू आलेला असतो आणि आपण म्हणतो, “ड्यूचा मेसेज नेहमीच येतो, बघू नंतर.” हे जास्त महागात पडतं.

आता तिसरा शब्द, ‘आउटस्टँडिंग’. तो पाहून अनेकींच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच्यापुढचा आकडा मोठा असतो. एक हिशोब करू. गटानं १,२०,००० रुपये कर्ज घेतलं. मुद्दल दरमहा ५,०००, असे २४ हप्ते. व्याज तूर्त बाजूला ठेवू. दहा हप्ते नीट भरले. म्हणजे ७०,००० राहिले. हे आउटस्टँडिंग, कर्जाची एकूण येणे बाकी. ती आज मागितलेली नाही. अकरावा हप्ता १० ऑगस्टला ड्यू होता, तो राहिला. आता १० सप्टेंबर उजाडला. बारावा हप्ता आज ड्यू आहे, ५,०००. ऑगस्टचा ओव्हरड्यू आहे, ५,०००. आज १०,००० भरायचे. ७०,००० नाहीत.

अशा वेळी काही गट ५,००० भरतात आणि म्हणतात, “या महिन्याचा भरला की!” पण भरलेली रक्कम आधी जुन्या थकबाकीत जाते. मग सप्टेंबरचा हप्ता थकतो. एक हप्ता कायम मागं लोंबकळत राहतो.

थकल्याचे दिवस देय तारखेपासूनच मोजायला लागतात. त्या दिवशी बँकेचा हिशोब बंद होईपर्यंत पैसे जमा नसतील तर खातं थकीत धरतात. म्हणून शेवटच्या दिवशी संध्याकाळी धावपळ नको. हप्त्याच्या कर्जात थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की रिझर्व्ह बँकेच्या नियमानं खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक होतं. पीक कर्जाला दिवस नाहीत, हंगाम मोजतात. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून भागत नाही. मुद्दल आणि व्याज, सगळी थकबाकी भरावी लागते, तेव्हाच खातं पुन्हा नियमित होतं.

बँकेत बोलताना दोन वाक्यं उपयोगी पडतात. “हाउ मच इज ड्यू धिस मंथ?” म्हणजे या महिन्याला किती भरायचं? आणि “इज एनीथिंग ओव्हरड्यू?” म्हणजे मागचं काही थकलंय का? मराठीत विचारलं तरी काही बिघडत नाही, तो आपला हक्कच आहे. फक्त दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.

शब्द पैशापुरताच नाही. “द बेबी इज ड्यू इन नोव्हेंबर” म्हणजे बाळंतपण नोव्हेंबरमध्ये अपेक्षित आहे. ही तारीख अंदाजाची असते, पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरून काढलेली. उलटली तर घरी वाट बघत बसू नका, आशाताईंना सांगून दवाखान्यात दाखवा. “द बस इज ड्यू ॲट टेन” म्हणजे बस दहाला यायची आहे. येते कधी, ते आपल्याला माहीतच आहे!

‘ड्यू टु’ मात्र वेगळा. “ड्यू टु रेन” म्हणजे पावसामुळे. तिथं देणंघेणं काही नाही. आणि ‘नो ड्यूज’ दाखला म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला. कर्ज फिटलं की तो मागून घ्यायचा, विसरायचा नाही.

एक मेसेज मात्र खोटा असतो. “वीजबिल ड्यू आहे, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा.” असा मेसेज अनोळखी मोबाइल नंबरवरून आला तर फोन लावू नका, लिंक दाबू नका. कागदी बिलावरची देय तारीख बघा.

पुढच्या बैठकीत सचिवताईंनी वहीत दोन वेगळे रकाने आखावेत, ‘या महिन्याचं देय’ आणि ‘मागील थकीत’. आणि प्रत्येकीनं आपल्या मोबाइलमधला बँकेचा शेवटचा मेसेज बरोबर आणावा, पुसून टाकू नये.