विमानातल्या हवेची पावती

वरकुटे आणि आसपासच्या इंदापूर-बारामतीच्या गावांत दूध संकलन केंद्रावर दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) तपासल्याशिवाय पावती निघत नाही. गाय उत्तम जातीची आहे म्हणून तपासणीतून सूट मिळत नाही. प्रवासी विमानातल्या हवेला मात्र अशी सूट आहे. कार्बन मोनॉक्साइड, ओझोन यांच्या मर्यादा नियमांत आहेत. पण त्या पाळल्या जातील याची खात्री मुख्यतः विमानाच्या रचनेला मान्यता देताना करून घेतात. रोजच्या उड्डाणात हे वायू मोजण्याची सक्ती नाही. ती हवी.

अकरा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पावपटीहूनही कमी असतो. म्हणून बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली दाबलेली हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात. तरीही आतली हवा 2,400 मीटर उंचीवर असते तितकी विरळ चालते. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरच आहे. 20 सप्टेंबर 2018 रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ही हवा घेण्याचा स्विच सुरू करायचा राहिला. 166 प्रवाशांपैकी सुमारे 30 जणांना त्रास झाला, काहींच्या नाकाकानांतून रक्त आलं. पण ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि विमान मुंबईला परतलं. चूक माणसाची होती. ती लपली नाही, कारण दाब सतत मोजला जातो.

इंजिनाच्या सीलमधून तेल झिरपलं, तर त्याची वाफ याच वाटेनं केबिनमध्ये येते. तिची चाहूल बहुधा कर्मचाऱ्यांच्या नाकालाच लागते, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. हेपा फिल्टर आहेत ना, असं कोणी म्हणेल. ते विषाणू आणि धूळ उत्तम अडवतात, पण वायू अडवत नाहीत. शिवाय ते केबिनमध्ये पुन्हा फिरवल्या जाणाऱ्या हवेसाठी असतात. अशा घटना विरळ आहेत, हा आक्षेप मोजमापाशिवाय सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. संवेदक खोटा इशारा देऊन वैमानिकाला गोंधळवतील, ही भीती रास्त आहे. म्हणून आधी काही वर्षं नुसत्या नोंदी ठेवाव्यात आणि त्यांवरून इशाऱ्याची पातळी ठरवावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ही सुरुवात करावी. दुधाचा भाव कमी मिळाला तर शेतकरी पावतीवरच्या आकड्यावर बोट ठेवून जाब विचारतो. उड्डाणानंतर डोकं गरगरणाऱ्या हवाई कर्मचाऱ्याच्या हातात आज असा एकही आकडा नसतो.