उपासाच्या दिवशी यकृतातली चरबी

एकादशीचा निर्जळी उपास करणारा माणूस दुपारीही चालतो, बोलतो, गोठ्यापर्यंत जाऊन येतो. ही ताकद येते साठवलेल्या चरबीतून. चरबीच्या पेशी स्निग्धाम्लं रक्तात सोडतात आणि त्यांतली बरीचशी यकृतात येतात. यकृताने ती सगळी लगेच पुन्हा रक्तात ओतली, तर रक्तातली चरबी भलतीच वाढेल. तसं होत नाही, कारण यकृताची पेशी आपल्या दोन अंगकांची (पेशीच्या आतल्या छोट्या भागांची) गाठ पडू देत नाही.

पेशीतली अंगकं एकमेकांना अगदी खेटतात, पण मिसळत नाहीत. दोघांच्या पटलांमध्ये साधारण १० ते ३० नॅनोमीटरची फट असते, प्रथिनांचे दुवे ती सांधतात आणि तिथून चरबी किंवा कॅल्शियम इकडून तिकडे जातं. आंतर्द्रव्यजालिका (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) यांच्यातल्या अशा जोडाचं महत्त्व संशोधक जीन व्हान्स यांनी १९९० मध्ये दाखवलं. हे जोड कायमचे नसतात, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

उपासात टळते ती गाठ चरबीचा थेंब आणि आंतर्द्रव्यजालिका यांची. यकृताच्या पेशीत चरबी अशा थेंबांच्या रूपात साठते. रक्तात जाण्याआधी तिच्यावर प्रथिनांचं वेष्टन चढावं लागतं आणि ते काम जालिकेत होतं. रत्नागिरीहून निघालेला ट्रक हातखंब्याच्या तिठ्यावर पोचला की महामार्गाला लागतो. थेंबासाठी जालिका हा तसा तिठा. थेंबाला पेशीच्या कडेकडच्या जालिकेपर्यंत नेतं कायनेसिन नावाचं प्रथिन. पेशीत रस्त्यासारख्या असलेल्या सूक्ष्मनलिकेवरून ते एका पावलात ८ नॅनोमीटर पुढे सरकतं.

कायनेसिनने थेंबाला धरायचं की नाही, हे इन्सुलिनवर ठरतं. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं. त्याच्या इशाऱ्याने एक विकर थेंबाच्या पृष्ठावर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार करतं आणि कायनेसिन त्यालाच चिकटतं. उपासात इन्सुलिन उतरतं, आम्ल कमी होतं, कायनेसिन सुटतं. थेंब जागच्या जागी राहतो, जालिकेशी त्याची गाठ पडत नाही.

हे उलगडलं ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रूप मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. निष्कर्ष २०१७ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांच्या यकृतातून त्यांनी थेंब वेगळे काढले. उपाशी उंदरांच्या थेंबांवर कायनेसिन कमी आढळलं आणि ते थेंब सूक्ष्मनलिकेवर फारसे हललेही नाहीत. इतक्या इवल्या थेंबाला लेझरच्या झोतात धरून त्याची ओढ मोजता येते, यातलं कसब थक्क करणारं आहे.

द्वादशीला पारणं फिटलं की इन्सुलिन चढतं आणि थेंब पुन्हा जालिकेकडे निघतात. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासात मात्र ते आधीच निघालेले असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि पिष्ट पोटात गेलं की इन्सुलिन वाढणारच.