ज्येष्ठमध आणि मूत्रपिंडाचा पहारेकरी

नाशिकच्या जुन्या बाजारपेठेत काष्ठौषधींच्या दुकानी जी पिवळसर, तंतुमय, आधी मातकट लागून मग जिभेवर गोडी रेंगाळविणारी ज्येष्ठमधाची कांडी मिळते, तिचा आपल्या रक्तदाबाशी निकटचा संबंध आहे. मूत्रपिंडात लवणाचा कारभार अल्डोस्टेरोन या संप्रेरकाकडे असतो. परंतु ज्या ग्राहीस्थानी ते आपला हुकूम बजावते, तेथे रक्तात शेकडो पटींनी अधिक असलेले कॉर्टिसोलही तितक्याच सहजतेने बसू शकते, आणि त्याला मज्जाव करते ‘११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजिनेज-२’ हे विकर. नाव अवघड, पण काम सुटसुटीत: कॉर्टिसोलमधील हायड्रोजनचे दोन अणू काढून घेऊन त्याचे निष्प्रभ कॉर्टिझोन करावयाचे.

ज्येष्ठमधातील ग्लिसऱ्हायझिनपासून आतड्यात बनणारे आम्ल या पहारेकऱ्यालाच जखडून टाकते. मग सोडियम साठते, पोटॅशियम वाहून जाते, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. डच वैद्य रेव्हर्स यांनी ही सूज १९४६ मध्येच नोंदविली होती. कारण उलगडावयास मात्र १९८० चे दशक उजाडले. खोकल्यापुरता दोन दिवस तुकडा चघळण्यास हरकत नाही. परंतु रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्याचा काढा नित्य घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.